अ‍ॅरन बेटावरील उन्हाळा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एअरशर परगण्यांत एक जुनी थट्टा आहे. समोरच्या समुद्रांत अ‍ॅरन बेट स्पष्ट दिसूं लागलें कीं समजावें, आतां पाऊस येणार. आणि तें दिसेनासें झालें कीं समजावें, पाऊस आला. अशी थट्टा करणारेच लोक पिढ्यानुपिढ्या बायकामुलांसह, ट्रंका आणि टोपल्या घेऊन, त्याच बेटाकडे जाणाऱ्या बोटींत चढत आले. पाऊस ठाऊक असून ते गेले, भिजले, आणि पुढच्या वर्षाची जागा त्याच घरीं ठरवून परतले. ह्या सुट्यांचा इतिहास वरवर पाहतां हंसतखेळत सांगण्यासारखा आहे. परंतु हे पाहुणे ज्या घरांत उतरत त्या घरांतील माणसें उन्हाळ्यांत कोठें झोपत, आणि ज्या निर्जन दरींतून ते डोंगर चढत ती दरी मुळांत निर्जन कां होती, हे दोन प्रश्न विचारले म्हणजे त्याच इतिहासाची दुसरी बाजू दिसूं लागते.

अ‍ॅरन लांबीला सुमारें वीस मैल व रुंदीला दहा मैल असून क्लाइड नदीच्या रुंद खाडीच्या मुखाशीं उभें आहे. त्याचा दक्षिण भाग ठेंगण्या टेकड्यांचा, कुरणांचा आणि शेतांचा. उत्तर भाग ग्रॅनाइटच्या उघड्या सुळक्यांचा. स्कॉटलंडचा डोंगराळ प्रदेश व सखल प्रदेश यांस विभागणारी भूस्तरांतील मोठी चीर ह्याच बेटांतून जाते, त्यामुळें सबंध देशाची छोटी प्रतिकृति अशी त्याची ख्याति झाली. आधुनिक भूगर्भशास्त्राच्या जनकांपैकीं एक जेम्स हटन हा १७८७ सालीं येथें आला, आणि उत्तरेकडील लॉक्रान्झा गांवाजवळच्या किनाऱ्यावर त्याला एका दिशेनें कललेल्या अति प्राचीन खडकांवर दुसऱ्या दिशेनें कललेले नंतरचे थर बसलेले आढळले. त्या दोहोंच्या मध्यें केवढा काळ लोटला असेल ह्या विचारानें पुढें पृथ्वीच्या वयाची कल्पनाच बदलून गेली. सुटीला आलेल्या मुलांचे वडील अजूनहि त्यांना तो खडक दाखवावयास नेतात, आणि मुलें अजूनहि त्याच्याकडे पाहून खेकडे शोधावयास जातात.

बेटांतील सर्वांत उंच शिखर गोट फेल हें २,८६६ फूट आहे. महाबळेश्वरच्या पठाराहून तें दीड हजार फुटांनीं ठेंगणें. परंतु महाबळेश्वरीं जाणारा प्रवासी घाट गाडींत बसून चढतो, आणि गोट फेलची चढण समुद्राच्या वाळूपासून स्वतःच्या पायांनीं सुरू होते. तेथें एकहि फूट फुकट मिळत नाहीं. नांवाच्या व्युत्पत्तीविषयीं पंडितांत दोन पक्ष आहेत. जुन्या नॉर्स भाषेवरून तें 'बकऱ्यांचा डोंगर' असें एक म्हणतात, गेलिक भाषेवरून 'वाऱ्याचा डोंगर' असें दुसरे. माथ्यावर जाऊन आलेल्या माणसाचें मत बहुधा दुसऱ्या पक्षाला मिळतें.

मुंबईच्या माणसाला पाऊस म्हटला कीं पंचांग आठवतें. मृगाचा, आर्द्रेचा असा त्याचा हिशेब असतो आणि दिवाळीच्या सुमारास तो निरोप घेऊन गेलेला असतो. अ‍ॅरनच्या पावसाला असें कोणतेंहि नक्षत्र नाहीं. अटलांटिक महासागरावरून नैर्ऋत्येचे वारे बारा महिने ओलावा घेऊन येतात. वाटेंतील किंटायरचें द्वीपकल्प बुटकें असल्यामुळें तें त्यांना फारसें अडवीत नाहीं. खरा आडवा येतो तो अ‍ॅरनचा ग्रॅनाइट. वारा वर चढतो, थंड होतो, आणि सकाळीं नऊ वाजतां स्वच्छ दिसणारें शिखर दहा वाजतां नाहींसें होतें. दर हजार फुटांमागें उष्णतामान सुमारें साडेतीन अंश फॅरनहाइटनें उतरतें; म्हणजे ब्रॉडिकच्या वाळूंत मुलें अनवाणी खेळत असतांना माथ्यावर दहा अंशांनीं अधिक गारठा, आणि वारा तो निराळाच. ब्रॉडिकला धार लागलेली असतां पश्चिम किनाऱ्यावर लख्ख ऊन पडलेलें असूं शकतें. क्लाइडकांठच्या लोकांनीं ह्या हवेचे बारकावे नांवांनीं ओळखले आहेत. तोंडाला जेमतेम जाणवणारा अगदीं बारीक तुषार म्हणजे 'स्मर'. आणि आकाश खालीं उतरून बसलें, सगळें ओलें, करडें, उदास झालें, तर तो दिवस 'ड्रीख'. तथापि समुद्राच्या उबदार प्रवाहामुळें येथें थंडी कडक नसते, आणि जून महिन्यांत दिवस सतरा तासांहून मोठा असतो. पाऊस थांबण्याची वाट पाहणाराला वाट पाहावयास पुरेसा उजेड तरी मिळतो.

१५०३ सालीं हॅमिल्टन घराण्याच्या प्रमुखास अ‍ॅरनचा अर्ल ही पदवी व तिच्याबरोबर येथील सत्ता मिळाली, आणि पुढें ड्यूक झालेल्या ह्या घराण्याकडे जवळजवळ सगळें बेट आलें. अठराव्या शतकापर्यंत लोक लहान लहान वाड्यांतून राहत, जमिनीचे पट्टे वेळोवेळीं आपसांत फिरवून कसत, गेलिक बोलत, मासे मारीत. पुढें सुधारणेचें वारें आलें. पुष्कळ कुळांकडून थोडा थोडा सारा गोळा करण्यापेक्षां एकाच मोठ्या कुळाला मेंढ्यांसाठीं सारी दरी देणें फायद्याचें, हा विचार स्कॉटलंडभर पसरला होता, आणि तो अ‍ॅरनलाहि आला. १८२९ सालीं ईशान्येकडील सॅनॉक्सच्या दऱ्या मोकळ्या करण्यांत आल्या. त्या वर्षीं लॅमलॅश बंदरांतून 'कॅलेडोनिया' नांवाचें शिडाचें जहाज कॅनडाकडे निघालें. त्यांत बारा कुटुंबांतील शहाऐंशीं माणसें होतीं. भाड्याची अर्धी रक्कम ड्यूकनें दिली. धक्क्यावर धर्मोपदेशकानें त्यांना निरोपाचें प्रवचन दिलें असें सांगतात. क्विबेक प्रांतांतील मेगँटिक परगण्यांत ह्या लोकांनीं रान तोडून वसाहत केली, आणि अ‍ॅरनची गेलिक बोली तेथें पुढें कित्येक वर्षें ऐकूं येत राहिली.

बेट सोडून गेलेले सगळेच घालवलेले नव्हते. कॉरी गांवाच्या वरच्या वाडींत १८१३ सालीं जन्मलेल्या एका मुलाला घेऊन त्याचे आईबाप थोड्याच वर्षांनीं समोरच्या अर्व्हिन गांवीं राहावयास गेले. हा मुलगा डॅनिएल मॅकमिलन. त्यानें व त्याच्या भावानें पुढें जी पुस्तकप्रकाशनाची पेढी काढली तिची शाखा १९०१ सालीं मुंबईस उघडली, आणि आपल्याकडील किती तरी घरांतल्या शाळकरी पुस्तकांवर त्या वाडींतल्या कुळाचें नांव छापून आलें. त्याचाच नातू १९५७ सालीं ब्रिटनचा पंतप्रधान झाला.

ज्या काळांत माणसें बेटावरून जात होतीं त्याच काळांत दुसरीं माणसें बेटावर येऊं लागलीं. १८१२ सालीं हेन्री बेल यानें 'कॉमेट' ही वाफेची बोट क्लाइड नदींत सुरू केली. तोंपर्यंत ग्लासगोहून किनाऱ्याकडे जाणें म्हणजे वाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला प्रवास होता. आतां वेळापत्रक छापतां येऊं लागलें. इकडे ग्लासगो शहर फुगत होतें. १८०१ सालीं तेथील वस्ती पाऊण लाखाच्या आसपास होती, ती १९०१ सालीं साडेसात लाखांवर गेली. शहराचे आरोग्याधिकारी जेम्स बर्न रसेल यांनीं १८८८ सालीं एका खोलींतील जीवन ह्या विषयावर व्याख्यान दिलें, आणि शहरांतील दर चार माणसांपैकीं एकाचें सारें आयुष्य एकाच खोलींत जातें हें श्रोत्यांपुढें मांडलें. धूर, काजळी आणि चाळींचे अंधारे जिने यांतून वर्षांत एकदां बाहेर पडण्याची वेळ म्हणजे जुलैच्या उत्तरार्धांतील ग्लासगोची जत्रा. जत्रेचें मूळ बाराव्या शतकांतलें. पण एकोणिसाव्या शतकांत तिचा अर्थ कारखान्यांची सुटी असा झाला होता. ही सुटी बिनपगारी असे, म्हणून वर्षभर पैसा पैसा बाजूला टाकून ती पुरवावी लागे. पगारी सुटीचा कायदा ब्रिटनमध्यें १९३८ सालीं झाला.

मजूरवर्ग बहुतेक जवळच्या रॉथसे व डनून ह्या गांवीं जाई. अ‍ॅरनला जाणारें कुटुंब बहुधा शिक्षकाचें, कारकुनाचें, धर्मोपदेशकाचें, लहान व्यापाऱ्याचें असे, आणि एक महिन्यासाठीं सबंध घर घेई. घर रिकामें मिळे. म्हणून चादरी, भांडीं, बशा, जाड लोंकरी कपडे, पुस्तकें, हें सगळें मोठमोठ्या वेताच्या पेटाऱ्यांत बांधून आगगाडीनें बंदरापर्यंत व तेथून बोटीनें न्यावें लागे. १८७२ सालीं ब्रॉडिकला धक्का झाला. त्यापूर्वीं आगबोट किनाऱ्यापासून दूर उभी राही, आणि बायका, मुलें, पेटारे, सगळें लहान होड्यांतून उतरे. कॉरीला तर आगबोटींचा धक्का कधींच झाला नाहीं. तेथें होडी एका खडकाला लागे, आणि समुद्र खवळलेला असला तर होडीवाल्याच्या हांकेबरोबर उडी मारावयाची. कित्येक मुलांच्या सुटीची पहिली आठवण ह्या उडीचीच असे. मुलें व आई महिनाभर राहत. वडील सोमवारीं पहाटेच्या बोटीनें कामावर जात आणि शनिवारीं परत येत. शनिवारीं संध्याकाळीं धक्क्यावर जमणाऱ्या बायकांकडे पाहून ह्या बोटीला 'नवऱ्यांची बोट' असें नांव पडलें होतें.

बोटींची चढाओढ हा त्या काळचा एक लोकप्रिय तमाशाच होता. १८८० सालीं 'आयव्हॅन्हो' ही बोट अ‍ॅरनच्या सफरी करूं लागली. तिच्यावर दारू मिळत नसे, आणि सभ्य कुटुंबें त्याच कारणानें तिच्यांत बसत. १८९० सालीं कॅलेडोनियन रेल्वेच्या पक्षानें 'डचेस ऑफ हॅमिल्टन' ही बोट आर्ड्रॉसन बंदरांतून सुरू केली. त्याला उत्तर म्हणून ग्लासगो अँड साउथ वेस्टर्न रेल्वेनें १८९२ सालीं 'ग्लेन सॅनॉक्स' बांधली. आगगाडी व बोट मिळून ग्लासगोहून ब्रॉडिकला सुमारें दीड तासांत पोंचतां येऊं लागलें. ग्लेन सॅनॉक्स म्हणजे सॅनॉक्सची दरी. साठ वर्षांपूर्वीं मोकळी केलेली दरी आतां सहलीच्या बोटीचें नांव झाली होती.

इतके पाहुणे राहत कोठें? रॉथसे, डनून येथें ह्याच काळांत बंगल्यांच्या रांगा उठल्या, फिरण्याचे रुंद किनारी रस्ते झाले, वाद्यवृंदाचे मंडप झाले. अ‍ॅरनवर तसें कांहीं झालें नाहीं, कारण हॅमिल्टन इस्टेट घरें बांधण्यासाठीं जमीन सहसा देत नसे. ब्रॉडिकचें जुनें गांवहि किल्ल्याच्या फार जवळ म्हणून खाडीच्या पलीकडे हलविण्यांत आलें होतें. बारावा ड्यूक घोड्यांच्या शर्यतींचा व शिकारीचा षोकी होता. १८८२ सालीं त्यानें हॅमिल्टन राजवाड्यांतील चित्रें व सामानसुमान विकून जवळजवळ चार लाख पौंड उभे केले. पण अ‍ॅरनवर घरापुरता तुकडा देणें त्याच्या इस्टेटीला जड जाई. कुळांची स्थिति आणखी नाजूक होती. १८८६ च्या कायद्यानें डोंगराळ परगण्यांतील लहान शेतकऱ्यांस जमिनीवरून काढून न टाकले जाण्याचा हक्क मिळाला. अ‍ॅरन मात्र शासनाच्या दृष्टीनें ब्यूट परगण्यांत मोडत असल्यामुळें त्या कायद्याबाहेर राहिलें, आणि तो हक्क तेथें १९११ च्या कायद्यानें आला. तोंपर्यंत कुळानें स्वतःच्या खर्चानें एखादी खोली वाढविली तरी ती उद्यां आपली राहील याची त्याला खात्री नसे.

तेव्हां ह्या अडचणींतून बेटकऱ्यांनीं आपला मार्ग काढला. जून महिना आला कीं कुटुंब आपलें राहतें घर धुऊन, पांढरा चुना देऊन, भाडेकऱ्याच्या स्वाधीन करी आणि स्वतः मागच्या पडवींत, माळ्यावर किंवा गोठ्याला लागून असलेल्या खोपटांत राहावयास जाई. आजीआजोबा, मुलें, कधीं एखादें तान्हें मूल, सगळें त्या एका जागेंत दोन महिने काढी. पुढच्या दारीं शहरचीं मुलें धांवत, मागच्या दारीं घरच्या मुलांना हळू बोलावयास सांगितलें जाई. दूध, अंडीं, बटाटे पाहुण्यांना घरधनीणच विकी. पुष्कळांचा वर्षाचा सारा ह्या भाड्यांतून भागे. पाहुणे व घरचीं माणसें यांत जिव्हाळा नव्हता असें नाहीं. एकाच घरीं वीस वीस वर्षें येणारीं कुटुंबें होतीं, आणि हा संबंध केवळ व्यवहाराचा म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु ज्या साधेपणाची शहरकरी एवढी वाखाणणी करीत, हॉटेलें नाहींत, बंगले नाहींत, नुसता डोंगर आणि समुद्र, तो साधेपणा निसर्गानें दिलेला नव्हता. तो जमीनदाराच्या नकारांतून निपजलेला होता, आणि त्याचें मोल मागच्या पडवींत झोपणारे देत होते.

जागेच्या ह्याच टंचाईची खूण एका प्रसिद्ध खुनाच्या खटल्यांतहि सांपडते. १८८९ च्या जुलैंत लंडनचा एक तरुण कारकून सुटीवर आला असतां त्याची ग्लासगोच्या एका कारागिराशीं ओळख झाली. जत्रेच्या गर्दींत ब्रॉडिकला जागा मिळेना, म्हणून दोघांनीं एका घराला लागून काढलेली एकपाखी खोली व तींतील एकच बिछाना वांटून घेतला. १५ जुलैला दोघे गोट फेलवर गेले. परत एकटा कारागीर आला. ४ ऑगस्टला सॅनॉक्सच्या बाजूच्या एका घळींत, मोठ्या धोंड्याखालीं दगड रचून झांकलेलें प्रेत सांपडलें. पाय घसरून पडला कीं मारला, ह्यावर एडिंबरोच्या न्यायालयांत वाद झाला. पंधरा पंचांत आठ विरुद्ध सात अशा मतांनीं तो दोषी ठरला, आणि फांशीची शिक्षा पुढें जन्मकैदेची झाली. पडणें आणि पाडणें यांतील फरक सिद्ध करणें कठीण व्हावें अशीच ती घळ आहे.

ह्या घटनेनें डोंगरावर जाणाऱ्यांची संख्या घटली नाहीं. त्याच वर्षीं ग्लासगोंत स्कॉटिश गिरिभ्रमण मंडळ स्थापन झालें. त्याचे एक संस्थापक विल्यम नेस्मिथ यांनीं १८९२ सालीं एक साधा हिशेब छापला: सपाटीवर तासाला तीन मैल, आणि चढणीच्या दर दोन हजार फुटांना एक तास जादा. ब्रॉडिकच्या किल्ल्याजवळच्या पायथ्यापासून गोट फेलला ह्या हिशेबानें सुमारें अडीच तास लागतात. दहा वर्षांची मुलगी, डबा घेतलेली आत्या आणि सोसाट्याचा वारा यांचा त्या सूत्रांत विचार नाहीं. कुटुंबाची खरी चढाई अशी होई: किल्ल्याच्या रानांतून वर, मग झुडपांचा ओला पट्टा, मग धोंड्यांचा शेवटचा सोंड, आणि तेथें पोंचेपर्यंत ढग खालीं येऊन भेटलेला. दिवस चांगला लागला तर माथ्यावरून आयर्लंडचा किनारा, जुरा बेटाचे सुळके आणि समुद्रांत एकटा उभा असलेला एल्सा क्रेग दिसतो. वाईट लागला तर पुढच्या माणसाची पाठ दिसते. ग्रॅनाइट खरबरीत असल्यामुळें ओला झाला तरी पायाला धरून ठेवतो; पण त्यांतून गेलेल्या काळ्या खडकाच्या भिंती पावसांत साबणासारख्या होतात, आणि नवख्यांचा घात बहुधा तेथेंच होतो. शिवाय माथ्यावरून खालीं उतरणाऱ्या सोंडा अनेक आहेत. धुक्यांत दिशा चुकली तर ब्रॉडिकच्या ऐवजीं माणूस भलत्याच दरींत उतरतो आणि रात्रीपर्यंत त्याचीं मुलें धक्क्यावर उभीं असतात.

ह्या ढगाची क्रूरता १० ऑगस्ट १९४१ ला दिसली. अमेरिकेंतून इंग्लंडला लढाऊ विमानें पोंचवून देणारे वैमानिक परत न्यूफाउंडलंडला जावयास समोरच्या एअरहून 'लिबरेटर' विमानांत बसले. उड्डाणानंतर थोड्याच मिनिटांत, ढगांत बुडालेल्या गोट फेलजवळच्या कड्यावर विमान आदळलें. आंत बावीस माणसें होतीं. एकहि वांचला नाहीं. त्यांपैकीं बहुतेकांच्या समाध्या लॅमलॅशच्या जुन्या चर्चच्या आवारांत आहेत.

भर पावसाच्या दिवशीं शहाणें कुटुंब डोंगराचें नांव काढीत नसे. १८१७ सालीं बेटाच्या कमरेवरून पूर्व–पश्चिम बांधलेला रस्ता त्याच्या आकारामुळें 'दोरी' म्हणून ओळखला जातो. त्या वाटेनें टांगा करून पश्चिमेच्या ब्लॅकवॉटरफुटला जावयाचें, तेथें ऊन असेल अशी आशा धरावयाची, आणि नसलें तर राजाच्या गुहेंत बसून डबा खावयाचा. राजा म्हणजे रॉबर्ट ब्रूस. कोळ्याचें जाळें पाहून पुन्हां लढाईस उभा राहिलेल्या ब्रूसची गोष्ट आपल्याकडील शाळकरी मुलांसहि ठाऊक आहे. ती गुहा हीच असा अ‍ॅरनकरांचा दावा आहे. असा दावा करणाऱ्या गुहा आणखीहि आहेत. पण पाऊस कोसळत असतांना मुलांपुढें ऐतिहासिक प्रामाण्याची चर्चा कोण करणार?

डोंगर चढतां येत असे. तो चढण्याचा हक्क मात्र कोणाला नव्हता. बेटाचा उत्तर भाग हरणांच्या शिकारीसाठीं राखलेला होता, आणि हंगामांत रखवालदारानें परत फिर म्हटलें तर परतावें लागे. ह्या प्रश्नाला वाचा फोडणाराचें अ‍ॅरनशीं एक नातें होतें. ग्लासगोच्या हायस्कुलांतील शिक्षक जेम्स ब्राइस यांनीं अ‍ॅरन व क्लाइडच्या खोऱ्याच्या भूस्तरांवर १८५९ सालीं ग्रंथ लिहिला. त्यांचाच मुलगा, वडिलांच्याच नांवाचा, पुढें पार्लमेंटचा सभासद झाला. अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेवरील त्याचा ग्रंथ आपल्याकडील राज्यशास्त्राच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. ह्या ब्राइसनें १८८४ सालीं स्कॉटलंडचे डोंगर चालणारांस खुले करण्याचें बिल मांडलें. तें पास झालें नाहीं. तें पुन्हां आलें, पुन्हां पडलें. पुढें त्याच्या भावानेंहि प्रयत्न केला. सभागृहांत बसलेल्यांपैकीं कित्येकांचे स्वतःचेच डोंगर होते.

बारावा ड्यूक १८९५ सालीं वारला व बेट त्याच्या एकुलत्या एका मुलीकडे गेलें. १९५७ सालीं तिच्या मृत्यूनंतर वारसाकराच्या पोटीं ब्रॉडिकचा किल्ला सरकारकडे आला, आणि १९५८ सालीं किल्ला, गोट फेल व रोझाची दरी नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड ह्या संस्थेच्या हातीं आली. डोंगरावर सर्वसामान्य माणसाचा चालण्याचा हक्क कायद्यानें लिहिला गेला तो २००३ सालीं, स्कॉटलंडच्या नव्या पार्लमेंटांत. ब्राइसच्या पहिल्या बिलापासून मोजलें तर ११९ वर्षें.

दरम्यान सुटीचें रूप बदललें. १९५४ पासून बोटींत मोटारी चढूं लागल्या. पेटारे, महिनाभराचें घर आणि मागच्या पडवींत जाणारें कुटुंब हळूहळू संपलें. आतां पाहुणे चार दिवसांसाठीं येतात, आणि बेटावरील पुष्कळ घरें वर्षाचा मोठा भाग बंद असतात, कारण त्यांचे मालक दुसरीकडे राहतात. २०११ च्या शिरगणतींत बेटाची वस्ती ४,६२९ भरली. शाळेंत, इस्पितळांत, हॉटेलांत कामाला येणाऱ्या तरुणांस घर मिळणें ही तेथील लोकांची सर्वांत मोठी तक्रार आहे. पूर्वीं पाहुण्यांसाठीं कुटुंब पडवींत जाई. आतां पडवीहि सुटीच्या भाड्यानें जाते.

'ग्लेन सॅनॉक्स' हें नांव बोटींना पुन्हां पुन्हां मिळत राहिलें. १८९२ च्या चाकांच्या बोटीनंतर १९२५ सालीं त्या नांवाची दुसरी बोट आली, १९५७ सालीं मोटारी नेणारी तिसरी. चौथी २०१७ च्या नोव्हेंबरांत पाण्यांत सोडली, आणि बांधणींतील घोळांमुळें १९५७ च्या बोटीच्या नातवंडांनीं ज्या उन्हाळ्यांत तिच्यांतून जावें असें ठरलें होतें ते उन्हाळे उलटून गेल्यावर २०२५ च्या जानेवारींत तिनें पहिले उतारू घेतले. वादळ असलें कीं तीहि निघत नाहीं, आणि बेटावरील दुकानांत त्या दिवशीं पाव संपतो.

सॅनॉक्सच्या दरींत आज वाट नदीच्या कडेनें जाते. वाटेंत जुन्या बॅराइट खाणीचे अवशेष लागतात; ती खाण दरीच्या शोभेला बाधा आणते म्हणून अकराव्या ड्यूकनें १८६२ सालीं बंद केली होती. आजूबाजूच्या गवतांत दगडी घरांचे चौथरे आहेत. गुडघ्याएवढ्या भिंती, मध्यें एखादी चुलीची जागा, पलीकडे नांगरटीचे जुने उंचवटे, तिरप्या उन्हांत असले तर स्पष्ट दिसणारे. डोंगरावर जाणारीं कुटुंबें बहुधा त्यांच्याजवळून थांबल्याशिवाय पुढें जातात. परततांना मात्र, स्मर सुरू झाला कीं, मुलें धांवत येऊन त्याच भिंतींच्या आडोशाला बसतात आणि उरलेला डबा उघडतात.